न बोलणारा दात : इम्प्लांट बसवल्यानंतरची काळजी

मागच्या भागात आपण दाताचं इम्प्लांट म्हणजे काय आणि ते कोणाला बसवता येतं हे पाहिलं. त्यानंतर नागपूर, गोंदिया, पुणे, इंदूर अशा ठिकाणांहून बरेच प्रश्न आले, आणि त्यातला निम्म्यांचा सूर एकच होता : "डॉक्टर, इम्प्लांट बसवून आठ दिवस झाले, आता काहीच दुखत नाही. मग नेहमीसारखं जेवू का?"

आजचा सगळा भाग या एका प्रश्नावर आहे. उत्तर आधीच सांगून टाकतो. नाही, इतक्यात नाही. इम्प्लांटच्या बाबतीत दुखणं थांबलं यावरून आतलं काम पूर्ण झालं असं धरता येत नाही. पुढे कित्येक वर्षांनी आत बिघाड सुरू झाला, तरी तेव्हाही ते बहुतेक वेळा दुखत नाही. म्हणून इम्प्लांटची काळजी घ्यायची ती कॅलेंडर आणि आरसा पाहून. दुखण्याची वाट पाहत बसायचं नाही.

इम्प्लांट गप्प का असतं?

भात खाताना बारीकसा खडा दाताखाली आला की काय होतं? चावणं जागच्या जागी थांबतं. हे दाताच्या मुळाभोवती असलेल्या एका पातळ आवरणामुळे होतं. मूळ आणि जबड्याचं हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक थर असतो, जाडी मिलिमीटरचा जेमतेम चौथा भाग. तो गादीसारखा दाब झेलतो, आणि त्यातल्या नसा 'जास्त जोर पडतोय' अशी सूचना मेंदूला देतात.

इम्प्लांटला ही गादी नसते. टायटॅनियमचा स्क्रू थेट हाडाला भिडलेला असतो. त्याला कीड लागत नाही, थंड-गरम झोंबत नाही, आत नस नसल्यामुळे ठणकाही लागत नाही. ऐकायला छान वाटतं, पण घरातला एखादा माणूस कधीच तक्रार करत नसेल तर त्याची विचारपूस आपणच करावी लागते. तसंच हे आहे.

हाड धातूला धरतं तरी कसं?

ही गोष्ट थोडी मागे जाऊन सांगतो. १९५२ साली स्वीडनमध्ये पेर-इंग्वार ब्रोनेमार्क नावाचे संशोधक सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची छोटी चौकट बसवून रक्ताभिसरणाचा अभ्यास करत होते. दातांशी त्या प्रयोगाचा काही संबंध नव्हता. प्रयोग संपल्यावर चौकट काढायला गेले, तर ती निघेना. हाड धातूला घट्ट धरून बसलं होतं. त्यातून पुढे १९६५ साली योस्टा लार्सन या पहिल्या रुग्णाच्या खालच्या जबड्यात इम्प्लांट बसवले गेले. लार्सन २००६ मध्ये वारले, तोवर म्हणजे चाळीस वर्षं ते इम्प्लांट त्यांना साथ देत होते.

यातून आपल्याला एक घ्यायचं. हाड धातूला धरतं हे खरं, पण ते त्याच्या वेळेने धरतं.

शस्त्रक्रियेच्या दिवशी इम्प्लांट घट्ट बसलेलं असतं ते लाकडात स्क्रू बसतो तसं, निव्वळ पकडीवर. नंतर शरीर त्या जागी दुरुस्ती सुरू करतं. स्क्रूच्या दाबाने चेपलेलं जुनं हाड हळूहळू विरघळवलं जातं आणि नवीन हाड तयार व्हायला लागतं. मधल्या काळात, साधारण दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात, जुनी पकड कमी झालेली असते आणि नवं हाड अजून कोवळं असतं. म्हणजे इम्प्लांट पहिल्या दिवशी होतं त्यापेक्षा तिसऱ्या आठवड्यात जास्त नाजूक असतं.

आता गंमत पाहा. सूज गेली, टाके निघाले, दुखणं संपलं, तेही याच सुमारास. माणसाला वाटतं, सुटलो! आणि तो फुटाणे खायला घेतो.

घराचा स्लॅब टाकल्यावर वरून तो दोन दिवसांत कडक दिसतो, पण म्हणून कोणी लगेच खालची सेंट्रिंग काढत नाही. या काळात इम्प्लांटवर वारंवार जोर पडून ते मिलिमीटरच्या दहाव्या-पंधराव्या भागाइतकंही हलत राहिलं, तर त्याच्याभोवती हाडाऐवजी मऊ तंतू तयार होऊ शकतात. मग ते कधीच पक्कं बसत नाही. असे रुग्ण मी पाहिले आहेत. दोन महिन्यांनी तपासायला येतात, म्हणतात "सगळं उत्तम आहे", आणि इम्प्लांट नुसत्या बोटांनी गोल फिरतं. दुखत मात्र काहीच नाही. ते काढावं लागतं, हाड भरायला काही महिने थांबावं लागतं, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. पैसे गेले, वेळ गेला, आणि घरात "इम्प्लांट काही खरं नाही" असं मत कायमचं बनलं.

पहिले तीन दिवस

इथे फार फाटे नाहीत. मोजक्या गोष्टी नीट करायच्या.

जखमेवर ठेवलेला कापसाचा किंवा गॉजचा बोळा अर्धा-पाऊण तास दाबून धरायचा. सारखा काढून 'रक्त थांबलं का' हे पाहायचं नाही. पहिल्या दिवशी लाळेत गुलाबी रंग दिसला तर घाबरू नका. पण थुंकू नका, जोरात चूळ भरू नका आणि स्ट्रॉने काही ओढून पिऊ नका. या तिन्हींमुळे तोंडात ओढ तयार होते आणि जखमेवर बसलेली रक्ताची गुठळी निघते. ती गुठळी म्हणजे जखमेचं झाकण आहे.

बधिरपणा उतरेपर्यंत काही खाऊ नका, नाहीतर ओठ किंवा गाल चावला जातो आणि कळतही नाही. बाहेरून गालावर बर्फ : दहा-पंधरा मिनिटं लावायचा, तेवढाच वेळ थांबायचं, पुन्हा लावायचा. बर्फ रुमालात गुंडाळूनच. हे पहिल्या दिवशी आणि गरज वाटली तर दुसऱ्या दिवशीही. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त दिसते, नंतर उतरते. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी आरशात गाल फुगलेला दिसला तर ते अपेक्षित आहे. झोपताना एक उशी जास्त घ्या.

चोवीस तासांनंतर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून हळुवार गुळण्या करा. पाणी तोंडात घ्यायचं, मान इकडून तिकडे कलवायची आणि ते आपसूक पडू द्यायचं. डॉक्टरांनी क्लोरहेक्सिडिनचं माऊथवॉश दिलं असेल तर सांगितलेले दिवसच वापरा. जास्त दिवस वापरलं की दातांवर तपकिरी डाग येतात आणि जेवणाची चव बिघडते. पेस्टने ब्रश केल्यावर लगेच ते घेऊ नका, अर्धा तास जाऊ द्या, कारण पेस्टमधल्या फेसाच्या घटकामुळे त्याचा परिणाम कमी होतो.

जखमेवर हळद, लवंगेचं तेल, तुरटी यांतलं काहीही लावू नका. आजीचा बटवा आपल्याला प्रिय आहे, पण टाके घातलेली जागा त्यासाठी नाही. बाकीचे दात मात्र त्या दिवसापासूनच घासायचे. तोंड घाण ठेवून जखम स्वच्छ राहत नाही.

वरच्या जबड्यात मागच्या बाजूला इम्प्लांट बसवलं असेल तर आणखी एक गोष्ट. तिथे हाडाच्या वर लगेच सायनसची पोकळी असते. पहिले काही आठवडे नाक जोरात शिंकरू नका आणि शिंक आली तर ती दाबू नका, तोंड उघडं ठेवून शिंका.

खायचं काय?

पहिले दोन-तीन दिवस थंड किंवा कोमट आणि चावायला न लागणारं : ताक, दूध, पातळ वरण, पेज, मऊ दहीभात, शिरा. नंतरच्या आठवड्यात मऊ खिचडी, उपमा, मऊ केलेला पोळीचा कुस्करा, उकडलेला बटाटा, अंडं. आमच्याकडचं बोरे-बासी, म्हणजे रात्रभर पाण्यात ठेवलेला भात, उन्हाळ्यात घराघरात खातात. तो मऊ आणि थंड असतो, पण त्यासोबतचा कच्चा कांदा आणि हिरवी मिरची काही दिवस बाजूला ठेवा.

यापुढचा नियम महत्त्वाचा. हाड पक्कं होईपर्यंत, म्हणजे खालच्या जबड्यात साधारण दोन-तीन महिने आणि वरच्या जबड्यात तीन ते सहा महिने, त्या बाजूने कडक काही चावायचं नाही. वरचं हाड जास्त सच्छिद्र असतं, म्हणून त्याला वेळ जास्त लागतो. पोळ्याला इकडे ठेठरी आणि खुर्मी होते, दिवाळीला आपल्याकडे चकली आणि कडक शंकरपाळे. हाताने फुटायला जोर लागतो ते दुसऱ्या बाजूनेही जपूनच. फुटाणे, सुपारी, उसाचं कांडं, हाडावरचं मटण, बर्फाचे खडे : या काळात अजिबात नाही.

काहींना त्याच दिवशी किंवा दोन-चार दिवसांत तात्पुरता दात बसवून मिळतो. तो दिसण्यासाठी असतो. समोरच्या दाताशी त्याचा जोर पडू नये म्हणून डॉक्टरांनी तो मुद्दाम थोडा आखूड ठेवलेला असतो. त्याने चावायचं नाही. तसंच जुनी कवळी जखमेवर दाबून बसवू नका. ती आतून मऊ करून घेतल्यावरच घाला.

नवतपाच्या दिवसांत शस्त्रक्रिया झाली असेल तर पाणी मोजून प्या. दुखतंय म्हणून लोक पाणीच कमी पितात, तोंड कोरडं पडतं आणि कोरड्या तोंडात जंतू जास्त वाढतात.

गुडाखू, मशेरी, खर्रा

आता छत्तीसगडच्या सगळ्यात अवघड विषयाकडे येतो. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात छत्तीसगडमधले ३९.१ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होते. देशाचा आकडा तेव्हा २८.६ टक्के होता. आमच्याकडची फार मोठी सवय म्हणजे गुडाखू : तंबाखू, गूळ किंवा काकवी, चुना आणि लाल माती यांचं घट्ट मिश्रण. सकाळी उठलं की बोटावर घेऊन हिरड्यांना घासायचं. घासणाऱ्याला वाटतं आपण दात स्वच्छ करतोय. महाराष्ट्रातल्या घरांत मशेरी तशीच, तपकीर तशीच. विदर्भात खर्रा आहेच.

यांचा इम्प्लांटशी काय संबंध? तंबाखूतल्या निकोटिनमुळे बारीक रक्तवाहिन्या आकसतात. जखमेपर्यंत रक्त कमी पोचतं, आणि नवं हाड तर रक्ताच्या पुरवठ्यावरच उभं राहतं. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये इम्प्लांट निकामी होण्याचं प्रमाण जास्त असतं हे चांगलं सिद्ध झालेलं आहे. गुडाखूत तर तंबाखू आणि चुना थेट त्याच हिरडीवर बोटाने घासला जातो, जिथे टाके घातलेले असतात.

म्हणून मी रुग्णाला 'तंबाखू घेता का?' असं विचारत नाही. उत्तर 'नाही' येतं, आणि ते खोटंही नसतं, कारण त्यांच्या लेखी गुडाखू म्हणजे मंजन. मी विचारतो, 'सकाळी दात कशाने घासता?' घरातल्या मुला-सुनांनाही माझी विनंती आहे, आईला किंवा सासूबाईंना हा प्रश्न असाच विचारा, आणि रागावून विचारू नका. चाळीस वर्षांची सवय भीतीने सुटत नाही. शस्त्रक्रियेच्या आधी काही आठवडे तयारी केली, डॉक्टरांकडून सोडण्यासाठी मदत घेतली, तर सुटते. इम्प्लांटच्या निमित्ताने सुटली तर दातापेक्षा मोठा फायदा झाला.

शुगर आणि आधीची औषधं

मधुमेह असला तरी इम्प्लांट बसवता येतं. अट एकच, साखर आटोक्यात हवी, आणि ती नंतरही तशीच राहायला हवी. मऊ खायचं म्हणून चार दिवस शिरा, आइस्क्रीम आणि गोड दूध यांच्यावर काढले की साखर वाढते आणि जखम भरायला उशीर लागतो. त्यांच्यासाठी वरण, दही, अंडं, मुगाची खिचडी बरी.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती स्वतःहून बंद करू नका. हृदयाचे डॉक्टर आणि दातांचे डॉक्टर यांनी मिळून तो निर्णय घ्यायचा असतो. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून काहींना आठवड्याची गोळी किंवा काही महिन्यांनी इंजेक्शन असतं, ते शस्त्रक्रियेच्या आधीच सांगा. या औषधांमुळे क्वचित जबड्याचं हाड भरून यायला अडचण येते. अँटिबायोटिक दिलं असेल तर बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नका.

लगेच फोन कधी करायचा?

तासभर दाबून धरूनही रक्त थांबत नसेल. तिसऱ्या दिवसानंतर दुखणं कमी होण्याऐवजी वाढत असेल. ताप आला, पू दिसला. दुसऱ्या दिवशीही खालचा ओठ किंवा हनुवटी बधिरच असेल, कारण तिथून जाणाऱ्या नसेवर दाब पडला असेल तर वेळ महत्त्वाची असते. पाणी पिताना ते नाकातून येत असेल. हिरडीवरची छोटी धातूची टोपी सैल झाली किंवा पडली असेल. ती टोपी स्वतः घट्ट करू नका, डबीत ठेवून घेऊन या. आणि सूज जबड्याखाली गळ्याकडे उतरत असेल, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल, तर फोनची वाट न पाहता थेट मोठ्या रुग्णालयात जायचं.

कॅप बसली, आता पुढची वीस वर्षं

हाड पक्कं झालं, वरचा दात बसला, पेढे वाटून झाले. इथे दुसरी चूक सुरू होते. "आता हा दात किडणार नाही," असं म्हणून लोक घासायचा कंटाळा करतात. किडणार नाही हे खरंच, पण हिरडी आणि हाड तर तुमचंच आहे. खऱ्या दाताच्या मुळात हिरडीचे तंतू रुतलेले असतात. इम्प्लांटभोवती ते नुसते गळपट्टीसारखे वेढलेले असतात. त्यामुळे जंतूंना आत उतरायला वाट सोपी मिळते.

आधी हिरडी लाल होते, ब्रश करताना रक्त येतं. या टप्प्यावर नीट सफाई केली तर सगळं पूर्ववत होतं. दुर्लक्ष केलं तर सूज हाडापर्यंत जाते आणि हाड झिजायला लागतं. गेलेलं हाड सहजासहजी परत येत नाही. हे सगळं बहुतेक वेळा न दुखता चालतं. इम्प्लांट बोलतं ते एवढंच : ब्रशला लागलेलं रक्त. ते पाहिलंत तर त्या आठवड्यात दाखवा.

रोजची सफाई अशी. मऊ ब्रशने दिवसातून दोनदा, हिरडीच्या कडेला हळू घासायचं. इम्प्लांट आणि शेजारचा दात यांच्या फटीत बाटली धुवायच्या ब्रशसारखा छोटा ब्रश फिरवायचा. त्याची तार प्लॅस्टिकने झाकलेली घ्या, आणि माप डॉक्टरांकडून ठरवून घ्या. पूल बसवला असेल तर त्याच्याखालून जाड फ्लॉस ओढायचा. टाचणी, सेफ्टी पिन, काडेपेटीची काडी नको. कोळसा, राख, लाल खरखरीत मंजनही नको, त्याने पृष्ठभागावर चरे पडतात आणि चऱ्यांत घाण साचते.

रात्री दात खाण्याची सवय असेल तर झोपताना घालायची पट्टी बनवून घ्या. मध्ये गादी नसल्यामुळे तो सगळा जोर स्क्रूवर आणि हाडावर जातो. पहिल्या वर्षी तीन ते सहा महिन्यांनी तपासणी, नंतर डॉक्टर सांगतील तशी, आणि अधूनमधून एक्स-रे. हाडाची पातळी फक्त एक्स-रेच दाखवतो.

एक छोटा कागद जपा

आपल्यापैकी अनेकजण नोकरीच्या गावी राहतात. इम्प्लांट रायपूरला, राहायला मुलाकडे पुण्याला, अशी घरं मला रोज भेटतात. पाच वर्षांनी आतला स्क्रू सैल झाला तर पुण्याच्या डॉक्टरांना तो घट्ट करायला त्याच कंपनीची, त्याच मापाची किल्ली लागते. इम्प्लांटच्या डबीवर कंपनी, माप आणि बॅच क्रमांक लिहिलेलं स्टिकर असतं. ते कार्डावर चिकटवून मागून घ्या, मोबाइलमध्ये फोटो काढा, घरच्यांना पाठवा. वरचा दात स्क्रूने बसवलाय की सिमेंटने, हेही त्यावर लिहून घ्या. सिमेंटचा कण हिरडीखाली राहिला तर नंतर तिथे सूज येऊ शकते, आणि ही नोंद असेल तर पुढच्या डॉक्टरांना कारण शोधायला सोपं जातं.

तुमचे दोन प्रश्न

"एमआरआय करता येईल का?" येतो. टायटॅनियम चुंबकाला ओढलं जात नाही. फक्त तपासणीच्या आधी सांगा, कारण जबड्याजवळचं चित्र थोडं अस्पष्ट येऊ शकतं.

"वय पंचाहत्तर आहे, उशीर झाला का?" नुसत्या वयाने उशीर होत नाही. साखर, हाड आणि रोज ब्रश धरू शकणारा हात, या तीन गोष्टी मी पाहतो. हात थरथरत असेल तर घरातलं कोणी रोज सफाईला मदत करणार का, हे आधी ठरवा.

तर मंडळी, ज्यांचं इम्प्लांट नुकतंच झालंय त्यांनी आजच भिंतीवरच्या कॅलेंडरवर तीन खुणा करा : चौथा आठवडा, तिसरा महिना आणि पुढच्या तपासणीची तारीख. पुढच्या भागात कवळी वापरणाऱ्यांच्या तक्रारी घेऊ. तुमचे प्रश्न पाठवत राहा. नमस्कार.